हुमणीच्या मागावर

उसाचे हे बेट एका हाताने ओढले तरी सहज उपटून येते, कारण त्याला धरून ठेवणारी मुळे जमिनीखाली उरलेलीच नाहीत. आजूबाजूची माती थोडी उकरली की अर्धगोल वळलेली, पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी हाती लागते. तीच हुमणी. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे, म्हणजे प्रौढ कीटक, तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मातीत घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी तीन अवस्थांमधून वाढते. पहिल्या अवस्थेत ती कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर आणि बारीक तंतुमुळांवर भागवते. तिसऱ्या अवस्थेत मात्र तिची भूक अनावर होते. उसाचे बेट पिवळे पडल्याचे शेतकऱ्याच्या लक्षात येते तोवर अळी बहुधा याच शेवटच्या अवस्थेला पोहोचलेली असते आणि वरून ओतलेले कीटकनाशक तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच मातीत अडकून पडते.

हुमणी जेथे राहते तेथे स्वतःहून जाऊन तिला गाठणारा एक जीव मातीतच आहे. तो म्हणजे कीटकांना मारणारा सूत्रकृमी, दोऱ्यासारखा बारीक कृमी. सूत्रकृमी हा शब्द ऐकताच डाळिंब किंवा टोमॅटो पिकवणारा शेतकरी धास्तावतो आणि त्याची धास्ती रास्त आहे, कारण मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी त्याने पाहिलेले असतात. परंतु हे सूत्रकृमी त्या कुळातले नाहीत. ते वनस्पतीच्या मुळांना तोंड लावत नाहीत. त्यांची वाढ आणि वंशवृद्धी होते ती कीटकाच्या शरीरात.

सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारी ही पिल्ले साधारण अर्धा मिलिमीटर लांबीची आहेत. ही त्यांची तिसरी अवस्था असून यजमान कीटकाबाहेर, मातीत तग धरून राहू शकणारी हीच एक अवस्था आहे. या काळात ते काहीही खात नाहीत, शरीरात साठवलेल्या चरबीवर जगतात आणि भक्ष्याच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत सरकत राहतात. कधी कधी झाडच त्यांना वाट दाखवते. मुळे खाणाऱ्या अळीचा हल्ला झाला की मक्याच्या काही वाणांची मुळे एक गंधद्रव्य सोडतात आणि त्या वासावर हे सूत्रकृमी तेथे गोळा होतात, असे युरोपातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले.

अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रांतून हे सूत्रकृमी आत शिरतात. हेटेरोऱ्हॅबडायटिस या वंशातील सूत्रकृमीच्या पिल्लाला तर एक बारीक दात असतो आणि त्याने ते पातळ त्वचा फाडूनही आत जाऊ शकते. मात्र अळीला मारण्याचे काम हा सूत्रकृमी एकटा करत नाही. त्याच्या आतड्यात फोटोऱ्हॅबडस नावाचे जिवाणू असतात. ते अळीच्या रक्तद्रवात सोडले जातात, झपाट्याने वाढतात आणि बहुधा एक ते दोन दिवसांत अळी मरते. त्यानंतर हेच जिवाणू प्रतिजैविके तयार करून मृत अळीला कुजू देत नाहीत, मुंग्यांना दूर ठेवणारी द्रव्ये सोडतात आणि अळीच्या शरीराचे सूत्रकृमींना पचेल असे अन्न करतात. अळी विटकरी लाल होते. पूर्ण अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर ती मंद प्रकाशताना दिसते, कारण हे जिवाणू स्वयंप्रकाशी आहेत.

आत शिरलेले पिल्लू वाढून उभयलिंगी होते, त्यामुळे एकच पिल्लू आत पोहोचले तरी वंश चालू राहतो. आईच्या पोटात राहिलेली अंडी तेथेच फुटतात आणि पिल्ले आईलाच खाऊन वाढतात. अन्न संपत आले की नवी पिढी ते जिवाणू आपल्या आतड्यात साठवून घेते आणि भक्ष्याच्या शोधात बाहेर पडते. प्रयोगशाळेत ज्या मेणकिड्याच्या अळीवर हे सूत्रकृमी वाढवले जातात, त्या एका अळीतून लाखाच्या वर पिल्ले मिळतात.

या जिवांचा उपयोग नवा नाही. जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांमध्ये सापडलेले सूत्रकृमी कृत्रिम अन्नावर वाढवून रुडॉल्फ ग्लेसर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी येथे ते शेतात सोडले होते. सोबतच्या जिवाणूचे महत्त्व मात्र १९६० च्या दशकात उलगडले. त्या कामात सहभागी असलेले जॉर्ज पॉइनार यांनी १९९२ मध्ये भारतीय सहकाऱ्यांसह हेटेरोऱ्हॅबडायटिसच्या तामिळनाडूतील एका नव्या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिचे नावच इंडिका ठरले. ही प्रजाती आपल्याकडील उष्ण जमिनीत टिकते. बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने तिची भुकटी तयार केल्यामुळे ती शेतापर्यंत नेणे सोपे झाले.

असे असूनही हुमणी हे सोपे भक्ष्य नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मातीत पिढ्यान्‌पिढ्या या शत्रूंसोबत राहिल्यामुळे तिच्याजवळ बचावाची साधने आहेत. तिच्या श्वासरंध्रांवर चाळणीसारखी झडप असते, ती अंगावरचे सूत्रकृमी पाय आणि तोंडाने झटकते, आणि वाढत्या वयाबरोबर तिला मारणे अधिक अवघड होते. म्हणून पीक पिवळे पडल्यावर सूत्रकृमी सोडणे म्हणजे बहुतेक वेळा उशीर करणे होय. अळ्या लहान असताना, पावसाळ्याच्या पहिल्या टप्प्यात, जमिनीत पुरेशी ओल असताना ते सोडले तर त्यांचा जोर चालतो.

दर हेक्टरी सुमारे २५० कोटी पिल्ले ही जगभर वापरली जाणारी मात्रा आहे. ऊन आणि कोरडी माती ही दोन्ही त्यांना मारक असल्यामुळे आळवणी, म्हणजे पाण्यात मिसळलेली पिल्ले ओतणे, सायंकाळी, उसाच्या बुंध्याशी करावी आणि पाऊस नसेल तर आधी व नंतर हलके पाणी द्यावे. पंपाची बारीक जाळी काढून ठेवावी, द्रावण अधूनमधून ढवळावे, कारण पिल्ले तळाशी बसतात, आणि पाकीट उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये. अनेकदा परिणाम दिसत नाही तो याच कारणाने की पाकिटातले जीव शेतात पोहोचण्यापूर्वीच मेलेले असतात.

आळवणीनंतर आठवडाभराने बुंध्याजवळची माती उकरून पाहावी. विटकरी रंगाची मऊ अळी सापडली तर ती बांधावर फेकू नये. जेथे सापडली तेथेच पुन्हा पुरून वर ओली माती ओढावी, कारण तिच्यातून बाहेर पडणारी पिढी शेजारच्या बेटाखाली जाणार आहे.