उलाळ गाडी

मी मोटारीमागे ओढायचा, आत झोपता येईल असा पहिला छोटा ट्रेलर बांधला तेव्हा तीन महिने डोक्यात गादीची रुंदी, खिडक्या आणि मागच्या झाकणाखालचा स्वयंपाकाचा ओटा एवढंच होतं. ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, कुठे बसवायचा यावर मी साधारण दहा मिनिटं घालवली. खोक्याची लांबी मोजली, दोननं भागली, खडूनं खूण केली आणि वेल्डिंग करून टाकलं. अगदी मधोमध. दिसायलाही छान दिसत होतं हो!

पहिल्याच फेरीत एका लांब उतारावर ट्रेलरची शेपटी हलायला लागली. आधी आरशात जराशी दिसली. मला वाटलं, वारा असेल. मग माझ्या गाडीचंच मागचं टोक कोणीतरी धरून डावी-उजवीकडे खेचतंय असं वाटायला लागलं. मी स्टिअरिंग उलटं फिरवून सावरायला गेलो, आणि तेच चुकलं. अशा वेळी आपला हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो, त्यामुळे सावरण्याचा प्रत्येक प्रयत्न झोपाळ्याला दिलेल्या झोक्यासारखा पुढचा हेलकावा वाढवतो. सुदैवानं पुढे चढ लागला, वेग आपोआप उतरला आणि शेपटी शांत झाली. रस्त्याकडेला थांबलो तेव्हा पाय थरथरत होते.

बैलगाडीच्या भाषेत याला नेमका शब्द आहे: उलाळ. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. बैलगाडीत हे लगेच कळतं, कारण जू उचललं की बैलच सांगतात. मोटारीमागच्या ट्रेलरला हिचचा, म्हणजे मोटारीच्या मागच्या जोडणीचा, गोळा घट्ट धरून ठेवतो, म्हणून उलाळ गाडीही जाग्यावर सरळ उभी दिसते. खोड कळते ती वेगात.

नियम साधा आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर यायला हवा. 500 किलोचा ट्रेलर असेल तर 50 ते 75 किलो. खूप जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटायला लागतं. शिवाय तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत दोन मर्यादा असतात, एक ओढायच्या वजनाची आणि दुसरी हिचवरच्या भाराची. लोखंड विकत घेण्याआधी त्या वाचा.

विश्वास बसत नसेल तर चालत्या ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी आणि तिला जोडलेला छोटा ट्रेलर ठेवून बघा. वजन पुढे ठेवा आणि बोटानं टिचकी मारा. ट्रेलर दोनदा हलतो आणि सरळ होतो. तेच वजन मागे सरकवा आणि पुन्हा टिचकी मारा. आता हेलकावा आपल्या आपण वाढत जातो. वजन तेवढंच, वेग तेवढाच, फक्त जागा बदलली.

म्हणून माझा हट्ट असतो की ॲक्सल शेवटी बसवा. सांगाडा करा, खोकं चढवा, गादी, बॅटरी, भांडी सगळं जिथे राहणार तिथे ठेवा आणि सगळं मिळून कुठे तोलतं ते शोधा. खाली एक जाड पाइप घालून थोडं मागेपुढे सरकवलं की तोलाची जागा सापडते. तिथून हिशोब सरळ आहे. समजा वजन 500 किलो आणि हिचपासून ॲक्सल अडीच मीटरवर. हिचवर 60 किलो हवे असतील, तर तोलाची जागा ॲक्सलच्या 30 सेंटिमीटर पुढे यायला हवी. आणि ॲक्सल वेल्ड करू नका, यू-बोल्टनं आवळा. पुढेमागे सरकवता येईल.

आता ओट्याची गोष्ट. थेंबाच्या आकाराचे हे छोटे ट्रेलर अमेरिकेत 1930 आणि 1940च्या दशकांत लोकप्रिय झाले. 8 बाय 4 फुटांच्या प्लायवुडमधून बाजू कापायच्या, मागे झाकण, झाकणाखाली स्वयंपाकघर. दिसायला देखणी रचना, पण सगळं जड सामान नेमकं शेपटीत! पाण्याचा 40 लिटरचा कॅन म्हणजे 40 किलो. तो ॲक्सलच्या सव्वा मीटर मागे ठेवला की आपल्या त्याच ट्रेलरच्या हिचवरचे 20 किलो गेले. 60चे 40 झाले आणि वर एकूण वजन 540. बारा टक्क्यांवरून साडेसातच्याही खाली, फक्त एका कॅनमुळे. पाणी पुढे ठेवा, ओट्याजवळ फक्त नळ आणा. प्लायवुडही उगाच जाड घेऊ नका. 18 मिलिमीटरचा पूर्ण तक्ता साधारण 30 किलो भरतो, 12चा 20.

हिचवरचा भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. 60 किलो त्यावर थेट ठेवता येतात. जास्त असतील तर एक मजबूत फळी घ्या. एक टोक पाइपवर, दुसरं काट्यावर. पाइपपासून 1 फुटावर ट्रेलरचं टोक टेकवा, 3 फुटांवर काटा. काटा दाखवेल त्याला तीननं गुणा. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायला विसरू नका, मी विसरलो होतो.

आणि तरीही शेपटी हललीच, तर? ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका. वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ करण्याचा’ सल्ला देणारे भेटतील, ऐकून सोडून द्या. ताशी 100चे 80 केले तरी गतीची ऊर्जा एक तृतीयांशाहून जास्त कमी होते.

बाकीचं भराभर सांगतो. सेफ्टी चेन कप्लरखालून, म्हणजे ट्रेलरचं जे टोक हिचच्या गोळ्यावर बसतं त्याखालून, एकमेकींवर कातरीसारख्या घाला, म्हणजे कप्लर सुटला तर टोक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं. इंडिकेटर लावल्यावर ब्रेकचे दिवेही मिचमिचायला लागले तर बल्ब बदलत बसू नका, आधी अर्थिंगची तार तपासा. पहिल्या फेरीत पाऊण तासानं थांबा, चाकाचे नट पुन्हा आवळा आणि हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या. एकाच बाजूचा हब जास्त तापला असेल तर बेअरिंगचं काहीतरी बिनसलंय. प्लायवुडच्या कडा रंगाआधी इपॉक्सीनं बंद करा, पाणी कडेतूनच शिरतं. आणि शेगडी झोपायच्या खोक्यात पेटवायची नाही. ‘थोडा वेळ, उबेसाठी’ही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तुमच्यातल्या कोणाची तरी चिठ्ठी आली आहे: ट्रेलर रिव्हर्समध्ये कसा घ्यायचा? हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला तो हात न्या. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा पटकन वळतो, म्हणून इंच-इंच हलवा, आणि कोन वाढला की पुढे घेऊन सरळ करा. त्यात लाज कसली?

माझा दुसरा ट्रेलर बाहेर उभा आहे. फळी आणि काटाही तिथेच ठेवलाय. आधी हिच हातानं उचलून किती किलो वाटतात ते कागदावर लिहा, मग मोजू.