गॅसच्या वासाची मोजणी

श्रोतेहो, नमस्कार.

सिलिंडरचा रेग्युलेटर नीट बसला नाही की स्वयंपाकघरात सडक्या कोबीसारखा दर्प येतो आणि आपण म्हणतो, "गॅसचा वास येतोय." पण प्रोपेन, ब्युटेन किंवा पाइपातून येणारा मिथेन, यांपैकी कशालाच असा वास नसतो. तो दर्प असतो मरकॅप्टन या गंधकयुक्त रसायनाचा. तो मुद्दाम मिसळलेला असतो.

ही सक्ती आली ती फार मोठी किंमत मोजून. १८ मार्च १९३७, अमेरिकेतल्या टेक्सासमधलं न्यू लंडन. तिथल्या शाळेत फरशीखालच्या पोकळीत नैसर्गिक वायू गळत, साठत राहिला. वासच नाही, तर कळणार कसं? शाळा सुटायला थोडाच वेळ उरला असताना एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि जवळपास ३०० जीव गेले. बहुतेक मुलंच. त्यानंतर टेक्सासने गॅसला वास देण्याचा कायदा केला.

मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. वास त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच, म्हणजे १ टक्क्यालाच यावा, असा दंडक पाळला जातो. पण हा वास वाटेत हरवतो. नव्या पोलादी टाकीच्या भिंती तो शोषतात, गंजाने तो विरतो, जमिनीखालच्या गळतीत माती तो गाळून घेते. म्हणून शेवटच्या टोकाशी वास पुरेसा उरलाय का, हे मोजावं लागतं.

त्यासाठी विद्युत-रासायनिक सेन्सर वापरतात. छोटी डबी, आत आम्लासारखा द्रव आणि धातूचे इलेक्ट्रोड. पडद्यातून झिरपलेल्या मरकॅप्टनचं इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होतं आणि अगदी इवलासा वीजप्रवाह सुरू होतो. जितका वास, तितका प्रवाह. मिथेनवर मात्र तिथे काहीच क्रिया होत नाही. हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण इथली गल्लत जिवावर बेतू शकते: हा सेन्सर वास मोजतो, गॅस नाही. गळती किती आहे, हे सांगायला वेगळा सेन्सर लागतो.

या डबीचीही निगा लागते. कोरड्या हवेत आतला द्रव सुकतो आणि काही वर्षांनी डबी बदलावीच लागते. गटारातला हायड्रोजन सल्फाइडही तिला चकवतो. म्हणून ठाऊक प्रमाणाचा वायू सोडून तिचा आकडा वेळोवेळी पडताळायचा असतो.

आपलं नाक या डबीपेक्षा तीक्ष्ण आहे, पण ते लवकर थकतं. त्या वासात काही वेळ थांबलं की तो जाणवेनासा होतो, आणि गॅस मात्र खोलीतच असतो. तेव्हा वास आला की शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. वास येईनासा झाला म्हणून परत आत जाऊ नका.

नमस्कार.