पाचट कुजवणाऱ्या जिवांचा हिशेब

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

ऊस तुटून गेला की एकरभर रानात तीन ते चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पडून राहतं. काडी लावली की रान लगेच मोकळं होतं, पण पाचटातलं १६ ते २० किलो नत्र बहुतेक सगळं हवेत जातं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. म्हणजे जवळपास एक गोणी जळाली. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून हे नुकसान किरकोळ वाटतं. पण तो भाव अनुदानाचा आहे. शिवाय टनभराहून जास्त सेंद्रिय कर्ब जळतो, तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. पालाश राखेत उरतं खरं, पण राख वाऱ्यावर जाते.

हा सगळा ऐवज पिकाच्या मुळाशी पोचवतात बुरश्या, जिवाणू आणि गांडुळं. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. म्हणून कुजवताना जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतलं नत्र उचलतात आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, पिवळा पडतो. ‘पाचट ठेवलं आणि खोडवा बसला’ ही तक्रार बहुधा इथूनच येते. पाचट दोषी नसतं, जिवाणूंना सुरुवातीचं नत्र दिलेलं नसतं.

तोडणी झाल्याबरोबर बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा आणि लिटरभर पाण्याला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेऊन फक्त छाटावर फवारा. पाचटावर ते पडू देऊ नका. जी बुरशी आपल्याला हवी आहे, तीच मरेल. मग एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सुपर फॉस्फेट पाचटावर पसरा. चार किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून वेगळं टाका. युरियात कालवलं तर जिवाणू टिकत नाहीत. नंतर पाणी द्या.

पाण्याने पाचट मातीला चिकटतं, तेव्हाच कुजणं सुरू होतं. सरीत पाणी साचून राहिलं तर हवा तुटते आणि काम थांबतं. खोडव्याची खतं पाचटावर फेकू नका, पहारीने भोक घेऊन मुळाजवळ द्या. तणं दबतात, ओल टिकते. खुरपणीची मजुरी आणि पाण्याच्या पाळ्या वाचतात. माझ्या मते रोख पैसा पहिल्यांदा दिसतो तो इथेच.

दोनेक महिन्यांनी पाचटाचा थर हाताने उचलून पाहा. खालची बाजू काळसर, ओलसर, पांढऱ्या धाग्यांनी गुंफलेली असली की काम चालू आहे. कोरडी, पिवळी आणि कडकडीत असेल तर पाण्याची पाळी लांबली आहे.