आज्जीचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. आज १६ सप्टेंबर, ओझोन दिन. ओझोन म्हणजे आकाशात खूप उंचावर असलेला, उन्हातले अतिनील किरण अडवणारा वायू. १९८७ साली याच तारखेला माँट्रियल करार झाला. करार कशासाठी झाला, ते आमच्या दुकानातल्या फ्रिजवरून सांगतो.

करारानंतरच्याच उन्हाळ्यातली गोष्ट. बेळगावात शहापूरला आमचं सोडा-लस्सीचं दुकान. ऐन मे महिन्यात फ्रिज बंद पडला. मेस्त्री आला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय." फ्रिज परड्यात नेला आणि तांब्याची बारीक नळी पक्कडीनं कापली. हिस्स्स आवाज आला.

आज्जी पाटावर शेंगा फोडत बसलेली. "काय वाजलं रे?"

"गॅस सोडलो की, आज्जी."

"कुठं सोडलास?"

"वर. हवेत."

"पैसे देऊन भरलेला ना तो?"

"होय की. पण वास नाही, धूर नाही, माणसाला काय करत नाही बघा."

"मग बाटलीत धरून ठेवायचं होतंस. दूध उतू गेलं तर मी तेवढंसुद्धा मांजराला घालते."

मेस्त्री पोट धरून हसला. आम्हीही हसलो. आता गॅस तसाच परत धरून घ्यायची यंत्रं निघाली आहेत.

(त्या फ्रिजात काही गिऱ्हाइकं कुंदा, म्हणजे आमची दुधाची मिठाई, ठेवायला द्यायची. कुंदा फ्रिजात ठेवणाऱ्याला बेळगावकर म्हणू नये, हे माझं जुनं मत आहे. असो.)

तर फ्रिजमधला तो गॅस आर-१२, म्हणजे सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) जातीचा. माणसाला काही करत नाही, हे मेस्त्रीचं खरंच होतं. अडचण तीच. तो खाली कशाशीच संयोग करत नाही, आपल्या पावसानंही धुऊन जात नाही. वर्षानुवर्षं तरंगत वर चढतो. तिथं कडक ऊन त्याला फोडतं आणि क्लोरीन सुटतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू मोडू शकतो. पुन्हा सांगतो, एक अणू, लाखभर रेणू. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हे १९७४ सालीच सांगितलं होतं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोन फार विरळ झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा जग हललं.

आणि हा ओझोन असतो तरी किती? सगळा गोळा करून जमिनीवर पसरला तर थर भरेल जेमतेम ३ मिलिमीटर. आपल्या जोंधळ्याच्या भाकरीएवढा. उन्हातले अतिनील किरण तेवढाच अडवतो. तो विरळ झाला की मोतीबिंदू, कातडीचा कर्करोग वाढतो, पिकांनाही झळ लागते.

त्या करारामुळं सीएफसी बनवणं आता जगभर जवळजवळ थांबलंय, थर हळूहळू भरतोय. पण आर-१२ हवेत शंभरेक वर्षं टिकतो. म्हणजे आमच्या परड्यातला बराचसा अजून वरच असणार.

मेस्त्रीनं संध्याकाळी बिल दिलं. नव्या गॅसचे पैसे वेगळे लावले होते. आज्जी म्हणाली, "जुना सोडलास त्याचे आधी वजा कर."