केव्हीएमला पॅच पाठवायचाय? आधी तो फोडायला शिका

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत केव्हीएमचं, म्हणजे लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाचं, नाव ओझरतं घेतलं आणि कमेंट्समध्ये एकच प्रश्न सुरू झाला: "ताई, आम्हालाही यात कोड द्यायचाय, सुरुवात कुठून करू?" इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं विचारतायत, नोकरी करणारेही विचारतायत. म्हणून आजचा व्हिडिओ फक्त त्यावर.

आधी एका कमेंटचं उत्तर देते, कारण ते बऱ्याच जणांना लागू आहे. "गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकली, कोणी ढुंकूनही बघितलं नाही." अरे, बघणार कसं? गिटहबवर जे लिनक्स दिसतं ती लिनक्सच्या निर्मात्याच्या, लिनस टोरवाल्ड्सच्या, ट्रीची म्हणजे कोडच्या साठ्याची प्रत आहे. तिथल्या पुल रिक्वेस्ट घेतल्याच जात नाहीत. पॅच, म्हणजे कोडमधला तुमचा बदल, ईमेलने जातो, साध्या मजकुराच्या ईमेलने. एचटीएमएल मेल पाठवलात तर मेलिंग लिस्टचा सर्व्हर तो दारातूनच परत पाठवतो. कोणाला पाठवायचा हे 'गेट मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट सांगते, ती कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समध्येच आहे. झालं, हा मुद्दा संपला.

आता केव्हीएम म्हणजे काय, भराभर सांगते. इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची, सोय दिली. केव्हीएम ही सोय लिनक्स कर्नलमधून वापरायला देतं. 'डेव्ह केव्हीएम' ही फाईल उघडायची, व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन बनवायचा, त्यात व्हीसीपीयू म्हणजे त्याचा आभासी प्रोसेसर बनवायचा आणि 'केव्हीएम रन' म्हणायचं. प्रोसेसर गेस्टचा, म्हणजे त्या आतल्या मशीनचा, कोड थेट चालवायला लागतो. गेस्टने काही वेगळं मागितलं की 'व्हीएम एक्झिट' होतो, म्हणजे ताबा कर्नलकडे परत येतो. जे कर्नलला जमतं ते कर्नल निस्तरतं, बाकीचं क्यूईएमयूसारख्या प्रोग्रॅमकडे जातं. लिनक्सच्या नजरेला तो अख्खा व्हीएम म्हणजे एक साधी प्रोसेस असते आणि एकेक व्हीसीपीयू म्हणजे एकेक थ्रेड. एवढं पुरे. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी कर्नलमधली केव्हीएमच्या एपीआयची, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने केव्हीएमशी बोलायच्या आज्ञांची, फाईल वाचा. एवढं नीटनेटकं लिहिलेलं कागदपत्र कर्नलमध्ये कमी सापडतं.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केलाय त्या मुद्द्यावर येते. तुमचा कोड चांगला असूनही परत का येतो? कारण तुम्ही तो फोडत नाही! एक पॅच, एक काम. आणि प्रत्येक पॅचनंतर कर्नल कंपाइल झालं पाहिजे, चाललंही पाहिजे. शेवटच्या पॅचनंतर नव्हे, प्रत्येक पॅचनंतर.

"आम्ही फोडतो की," असं काही जण म्हणतील. मला तपासायला म्हणून तुम्ही पॅचच्या ज्या मालिका पाठवता, त्या मी वाचते. त्यात बहुतेकदा काय असतं सांगू? पॅच एक: हेडर फाईल्स. पॅच दोन: सी फाईल्स. पॅच तीन: मेकफाईल. हे फोडणं नव्हे. हे फाईल्सचे गठ्ठे बांधणं झालं. पहिला पॅच लावला तर नुसती घोषणा येते, काम काहीच होत नाही, आणि दुसरा वाचताना पहिला पुन्हा उघडावा लागतो. मग दुसऱ्या टोकाचे लोक आहेत. एकाच पॅचमध्ये फंक्शनचं नाव बदललं, ते दुसऱ्या फाईलमध्ये हलवलं, जाता जाता एक अट सुधारली आणि शेजारच्या स्पेसेसही नीट केल्या. भेळ! यातली अट कुठली बदलली, हे वाचणाऱ्याने शोधत बसायचं का?

वाचणारा म्हणजे कोण, तेही बघा. केव्हीएमच्या सर्वांत वरच्या ट्रीचा मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारा, पाओलो बोन्झिनी, रेड हॅटमधला. एक्स 86 साठी, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी, त्याच्याबरोबर गुगलचा शॉन क्रिस्टोफरसन. आर्म 64 प्रोसेसरसाठी मार्क झिंजियर. आयबीएमच्या मेनफ्रेमचे मेंटेनर वेगळे, रिस्क फाइव्ह या प्रोसेसरचे वेगळे. इंटेल, एएमडी, ॲमेझॉन, ओरॅकल या सगळ्यांची माणसं त्याच कोडमध्ये हात घालतात. या कंपन्या बाजारात एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात. इंटेलच्या माणसाला एएमडीचा कोड पडलेला नसतो आणि एएमडीच्याला इंटेलचा. दोघांच्या मध्ये जो सामायिक कोड आहे तो बदलताना दोघांनाही पटवावं लागतं. पटवायचं कशाने? वाचता येईल अशा पॅचने.

याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे 'गेस्ट मेमएफडी'. क्लाउडवाल्याला स्वतःलाच गेस्टची मेमरी वाचता येऊ नये, यासाठी इंटेलने टीडीएक्स आणलं, एएमडीने सेव्ह एसएनपी आणलं. टीडीएक्समध्ये होस्टवरच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनवरच्या, एखाद्या प्रोग्रॅमने त्या खासगी मेमरीत चुकून काही लिहिलं तर अख्खं मशीन कोसळू शकतं. म्हणजे ती मेमरी होस्टच्या प्रोग्रॅमला मुळात मॅप करूच द्यायला नको. प्रत्येकाने आपापला जुगाड केला असता तर केव्हीएमच्या मेमरीच्या कोडची वाट लागली असती. इंटेलच्या लोकांनी पॅच आणले, त्यावर काही वर्षं चर्चा झाली, गुगलकडून त्याची घडण बदलली, आणि शेवटी दोघांनाही चालेल असा एकच पाया, हाच गेस्ट मेमएफडी, 2024 च्या मार्चमध्ये लिनक्स 6.8 मध्ये आला. एएमडीचा एसएनपी त्याच पायावर 6.11 मध्ये आला, इंटेलचा टीडीएक्स 2025 मध्ये 6.16 मध्ये. मला हे फार मोठं काम वाटतं. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच फाईलवर वर्षानुवर्षं वाद घालून एकमत करणं सोपं नाही.

हां, तर फोडणं. आता दुसऱ्या बाजूने बघू: बग शोधणाऱ्याच्या बाजूने.

मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे होस्टच्या कर्नलवर घरचे पॅचेस लावलेले असायचे. एकदा कर्नल बदललं आणि लाइव्ह मायग्रेशननंतर, म्हणजे चालू व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवल्यावर, काही गेस्ट गोठायला लागले. सगळे नव्हे, काहीच. अशा वेळी 'गिट बायसेक्ट' हाच आधार. मधला कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला एक बदल, घ्यायचा, चालवायचा, चांगला की वाईट ते सांगायचं, अर्धे बाद करायचे. कर्नलच्या एका आवृत्तीत बारा-तेरा हजार कमिट्स असले तरी जेमतेम 14 चाचण्यांत गुन्हेगार सापडतो. आम्हालाही सापडला. कोणीतरी घरीच लिहिलेला कमिट, शीर्षक "किरकोळ सुधारणा". आत टायमरच्या हिशेबात बदल, एका स्ट्रक्चरचं नाव बदललेलं आणि शेकडो ओळी नुसत्या टॅब सरळ केल्याच्या. बायसेक्टने बोट दाखवलं, पण ते बोट हजारभर ओळींवर! बरं, तो कमिट उलटवावा म्हटलं तर तेही जमेना, कारण बदललेलं नाव पुढच्या सगळ्या कमिट्सनी वापरलेलं. टायमरची ती सुधारणा वेगळ्या पॅचमध्ये असती तर दहा ओळी वाचून काम झालं असतं. मला अजून त्याचा राग येतो.

आणि मालिकेच्या मधला एखादा पॅच कंपाइलच होत नसेल तर? बायसेक्ट करणारा नेमका तिथे येऊन अडकतो. त्याला 'स्किप' म्हणत पुढे जावं लागतं आणि उत्तर धूसर होतं. तो माणूस कदाचित तीन वर्षांनी जपानमध्ये बसलेला असेल. तुमच्या मालिकेतला शेवटचा पॅच सगळं जुळवून घेतो, याचा त्याला काडीचा उपयोग नाही.

तिसरी बाजू जुन्या कर्नलची. सर्व्हरवर लोक आजचं कर्नल चालवत नाहीत, 6.1, 6.6 असली दीर्घकाळ सांभाळलेली आवृत्ती चालवतात. तुमची दुरुस्ती सुरक्षेची असेल तर ती तिथेही जायला हवी. दुरुस्ती नामांतराच्या पॅचमध्ये गुंडाळलेली असेल तर ती जुन्या ट्रीवर लागतच नाही, कारण तिथे जुनंच नाव आहे. म्हणून क्रमही महत्त्वाचा: दुरुस्ती आधी, साफसफाई नंतर. दुरुस्तीच्या पॅचला 'फिक्सेस'ची ओळ, त्यात ज्या कमिटने घोळ केला त्याचा बारा अक्षरी हॅश, म्हणजे गिटने दिलेली ओळख. मग जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या स्टेबलवाल्यांना तो एकटा पॅच उचलता येतो.

"पण ताई, नवीन मोठं फीचर असेल तर? ते अर्धवट कसं चालणार?" चांगला प्रश्न आहे. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रिस्क फाइव्हचं केव्हीएम, अनुप पटेल यांनी आणलेलं. ती मालिका उघडून शीर्षकं क्रमाने वाचा. (स्क्रीनवर: कमिट्सची यादी) आधी नुसता सांगाडा. फंक्शन्स आहेत, पण आत "पुढे करू" एवढीच खूण. कंपाइल होतं, कोणाचं काही बिघडत नाही. मग व्हीसीपीयू बनवणं आणि मोडणं. मग इंटरप्ट. मग होस्टमधून गेस्टमध्ये जाणं आणि परत येणं, ज्याला ते वर्ल्ड स्विच म्हणतात. मग एमएमआयओमुळे, म्हणजे गेस्टने मेमरीच्या पत्त्यांवरून उपकरणाशी बोलायला गेल्यामुळे, होणारे एक्झिट. मग गेस्ट नुसता वाट बघत थांबतो तेव्हाचा एक्झिट. मग पेज टेबल, टायमर, फ्लोटिंग पॉइंटचे रजिस्टर. एकेक पॅच सांगाड्यातली एकेक रिकामी जागा भरतो. मी एकेक पॅच चेकआउट करून वाचला आणि हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम, कसा बांधतात ते मला तिथे जेवढं कळलं तेवढं कुठल्याच कोर्समध्ये कळलं नव्हतं.

आणि ती मालिका किती वेळा पाठवली माहितीये? विसाव्या आवृत्तीपर्यंत गेली! 2019 मध्ये सुरुवात, आणि कर्नलमध्ये आली ती 5.16 मध्ये. कोड वाईट होता म्हणून नव्हे. प्रोसेसरचं ते स्पेसिफिकेशनच पक्कं व्हायचं होतं, आणि पक्कं नसलेलं काही आत घ्यायचं नाही हा रिस्क फाइव्हवाल्यांचा नियम. दर वेळी नव्या कर्नलवर बसवून पुन्हा पाठवणं जमलं, कारण तुकडे छोटे आणि स्वच्छ होते. एकच अजस्र पॅच असता तर तिसऱ्या-चौथ्या वेळीच माणूस वैतागला असता.

खुद्द केव्हीएम असंच आत आलं. इस्रायलच्या क्युमरानेट कंपनीतल्या आवी किविटीने 2006 च्या ऑक्टोबरमध्ये सात पॅचेसची मालिका पाठवली. फेब्रुवारी 2007 ला आलेल्या 2.6.20 मध्ये ते होतं! झेन नावाचा दुसरा हायपरवायझर त्याच्या आधीचा, 2003 पासून केंब्रिजच्या लोकांनी नावारूपाला आणलेला. पण त्याच्या डोमेन झीरोचा, म्हणजे बाकीचे व्हीएम सांभाळणाऱ्या मुख्य व्हीएमचा, पूर्ण आधार मूळ कर्नलमध्ये यायला 2011 उजाडलं, 3.0 ची आवृत्ती. झेन स्वतः लिनक्सच्या खाली बसतं, त्यामुळे कर्नलमध्ये जागोजागी हात घालावा लागत होता. केव्हीएमने शेड्युलर, मेमरी सगळं लिनक्सचंच वापरलं आणि स्वतःपुरता कोपरा धरला. माझ्या मते जिंकलं ते इथेच. रेड हॅटने 2008 मध्ये क्युमरानेट विकत घेतली. रेड हॅटचं पुण्यातही ऑफिस आहे, त्यामुळे हे काम फार लांबचं आहे असं समजू नका.

आता हाताने कसं करायचं. कोड लिहिताना भेळ झाली तरी चालेल, सगळ्यांचीच होते. नंतर 'गिट ॲड डॅश पी' वापरा. ते एकेक तुकडा दाखवून विचारतं, हा घ्यायचा का? तसे वेगवेगळे कमिट करा. मग 'गिट रीबेस'ला 'एक्झेक' देऊन त्यात मेकची आज्ञा लिहा. प्रत्येक कमिटवर तो आपोआप बिल्ड करतो, जिथे मोडेल तिथे थांबतो. ही पायरी गाळू नका. एकाने लिहिलं होतं, "माझा लॅपटॉप जुना आहे, फार वेळ लागतो." पूर्ण कर्नल नको, फक्त केव्हीएमच्या डिरेक्टरीचं बिल्ड करा, चहा होईतो उरकेल.

कमिट संदेशाबद्दल एकच. एक्स 86 केव्हीएमची स्वतःची नियमावली कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. तिचं म्हणणं, आधी काय बदललं ते थोडक्यात सांगा, मग पार्श्वभूमी. शेजारच्या टिप ट्रीची, म्हणजे एक्स 86 चा बाकीचा कोड जिथे जमतो तिची, पद्धत नेमकी उलटी, आणि हे त्या नियमावलीतच लिहिलंय. तेव्हा दुसरीकडचा साचा आणून चिकटवू नका. दुसरी आवृत्ती पाठवताना ती जुन्या मेलला उत्तर म्हणून लावू नका, नवा मेल करा आणि जुन्याची लिंक द्या.

युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅम्सना, दिसणारं काही नवीन असेल तर चाचणीही सोबतच हवी, कर्नलच्या सोर्समधल्या सेल्फटेस्ट किंवा केव्हीएम युनिट टेस्ट्स. कारण एकदा दिलेला एपीआय परत घेता येत नाही. केव्हीएमला एपीआयची आवृत्ती विचारली तर उत्तर 12 येतं. 2.6.22 मध्ये हा एपीआय स्थिर झाला आणि हा आकडा बदलायचा नाही असं ठरलेलं आहे. 12 सोडून दुसरं काही आलं तर प्रोग्रॅमने चालायलाच नकार द्यावा, असं कागदपत्रात लिहिलंय.

शेवटचा प्रश्न, सगळ्यात जास्त लाइक्सवाला: "वेगळं मशीन नाही, लॅपटॉप बिघडला तर?" नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन वापरा. व्हीएमच्या आत तुमचं नवं कर्नल, त्याच्या आत आणखी एक छोटा गेस्ट. तुमचा केव्हीएम कोसळला तर बहुतेक वेळा मधला व्हीएम जाईल, लॅपटॉप जिवंत राहील. इंटेलवर कर्नल 4.20 पासून हे मुळातच चालू असतं. आज रात्री एवढंच करा: मधल्या व्हीएममध्ये केव्हीएमच्या सेल्फटेस्ट्स बिल्ड करून चालवा आणि ज्या नापास होतील त्यांची नावं खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलीच एक उचलून तिची मालिका तुमच्यासमोर फोडून दाखवते.