रोलरवरचं मायलेज, रस्त्यावरची गाडी

दृश्य: बंद खोली. गाडीची पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर. समोर मोठा पंखा.

निवेदन:
लहान गाडी खरंच जास्त मायलेज देते का? आधी मायलेज मोजतात कसं, ते बघू. गाडीचा काटा ताशी ५० वर आहे आणि गाडी जागची हललेली नाही. पुढून-मागून पट्ट्यांनी तिला जमिनीला जखडलंय. चाकांखाली पोलादी रोलर फिरताहेत. समोरचा पंखा इंजिन तापू नये म्हणून लावलेला आहे. रस्त्यावर गाडीला हवा आणि टायर मिळून जो अडथळा करतात, तो इथे रोलर करतात, चाकांना जड जाऊन. किती जड जायचं हे आधी मोकळ्या ट्रॅकवर ठरतं. तिथे गाडी वेगात न्यायची, न्यूट्रलला टाकायची आणि आपोआप मंदावायला तिला किती वेळ लागतो ते मोजायचं.

दृश्य: ड्रायव्हरच्या खांद्यावरून स्क्रीन. हिरवी रेघ, तिच्यावर सरकणारा ठिपका.

निवेदन:
ड्रायव्हरसमोर रस्ता नाही, एक रेघ आहे. रेघ चढली की वेग वाढवायचा, उतरली की कमी करायचा, जमिनीला टेकली की थांबायचं. ठिपका रेघेवर राहिला पाहिजे. ताशी दोन किलोमीटरची सूट आहे, त्याबाहेर फार वेळ गेला तर चाचणी पुन्हा करा. पायाकडे बघा. ॲक्सिलरेटरवर हा पाय दाबला जात नाही, नुसता टेकतो आणि सुटतो. असा पाय आपल्यापैकी किती जणांचा आहे?

दृश्य: नळ्या. पारदर्शक पिशव्या हळूहळू फुगताहेत.

निवेदन:
आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. पेट्रोल इथे कुणी मापाने मोजत नाही. सायलेन्सरमधून निघालेल्या धुराचा नमुना या पिशव्यांत भरला जातो. त्यात कार्बन डायऑक्साइड किती, कार्बन मोनॉक्साइड किती, न जळलेले हायड्रोकार्बन किती, हे यंत्र सांगतं. पेट्रोलमधला कार्बन कुठे गायब होत नाही, तो धुरातूनच बाहेर पडतो. म्हणजे धुरातल्या कार्बनवरून उलटा हिशेब केला की किती पेट्रोल जळलं ते कळतं. जाहिरातीतला मायलेजचा आकडा मुळात या पिशव्यांतून आलेला असतो.

युरोपात आधी जी रेघ वापरत, ती फारच सोशिक होती. २० मिनिटं, ११ किलोमीटर. शून्यापासून ताशी ५० पर्यंत जायला २६ सेकंद. मागचा हॉर्न वाजवून वाजवून थकेल. २०१७ पासून नवीन मॉडेलना नवी चाचणी लागू झाली, तिला डब्ल्यूएलटीपी म्हणतात. अर्धा तास, २३ किलोमीटर, सरासरी वेग ४६ च्या पुढे आणि कमाल वेग १३१. ही रेघ खूपच खरी आहे. तरी तिच्यातही एसी बंद असतो आणि खोलीचं तापमान २३ अंशांवर बांधलेलं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ च्या मॉडेलपासून मायलेज काढताना एसी, थंडी आणि जास्त वेग यांच्या चाचण्याही धरायला सुरुवात केली, आणि बहुतेक गाड्यांचे छापील आकडे एका रात्रीत खाली आले. गाड्या त्याच होत्या.

तेव्हा ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नाचं उत्तर एकट्या गाडीकडे नसतं. तुमची रोजची रेघ कशी आहे, ते आधी बघायला हवं.

दृश्य: ड्रोनमधून चौक. सिग्नलवर थांबलेली रांग. मग जवळून, एका गाडीचं चाक. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ब्रेकची डिस्क पांढरीशुभ्र.

निवेदन:
लहान गाडी जिंकते ती इथे. ९०० किलोच्या गाडीला ताशी ५० चा वेग दिला की तिच्यात साधारण ८७ किलोज्यूल ऊर्जा साठते. १६०० किलोच्या गाडीत १५४. पुढचा सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, आणि ही ऊर्जा गेली डिस्क तापवण्यात. कॅमेऱ्यात पांढरं दिसतंय ते जळून गेलेलं पेट्रोलच आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असं धरलं, तर दर थांब्यामागे लहान गाडीचं १२-१३ मिलिलिटर पेट्रोल जातं आणि मोठीचं २२ च्या आसपास. ऑफिसच्या वाटेवर किती सिग्नल लागतात ते मोजा आणि गुणा.

शिवाय मोठं इंजिन अशा गर्दीत जवळजवळ रिकामं चालतं. त्याची ताकद वापरायला जागाच नसते, पण आपल्याच आतलं घर्षण आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेतून, हवा ओढण्याची मेहनत त्याला चुकत नाही. लहान इंजिनाला तेवढंच काम अंगाबरोबर पडतं.

टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरमध्ये प्रियस बाजारात आणली ती नेमकी याच डिस्कवर डोळा ठेवून. तिच्यात पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आहे, अशा गाडीला हायब्रिड म्हणतात. ब्रेक लावताना जाणारी ऊर्जा या मोटरमधून बॅटरीत परत घ्यायची आणि पुन्हा सुटताना वापरायची. म्हणून हायब्रिड गर्दीत भाव खाते. मोकळ्या हायवेवर ब्रेकच लागत नाही, तिथे परत मिळवण्यासारखंही फार उरत नाही.

दृश्य: सकाळ. बॉनेट उघडं. उष्णतेच्या कॅमेऱ्यात इंजिन काळंनिळं. मग हळूहळू केशरी.

निवेदन:
हा शॉट आम्ही लांब ठेवलाय, कारण घाई इंजिनालाही करता येत नाही. गार इंजिनात ऑइल घट्ट असतं. पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जादा सोडावं लागतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश गाठेपर्यंत फारसं काम करत नाही. पाण्याचा काटा मध्यावर आला की आपल्याला वाटतं गाडी तापली. ऑइल त्याच्या बरंच मागून येतं. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला गाडी काढणाऱ्याचं इंजिन कधीच पूर्ण तापत नाही. तिथे लहान गाडीचंही मायलेज पडतं, आणि दोष मात्र गाडीला लागतो.

दृश्य: संग्रहालय. जुनी मिनी. बॉनेटखाली आडवं बसवलेलं इंजिन.

निवेदन:
लहान गाडी म्हणजे मोठी परवडत नाही म्हणून घेतलेली, हा समज या गाडीने मोडला. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यावरून लढाई झाली, कालवा बंद पडला आणि ब्रिटनमध्ये त्या डिसेंबरात पेट्रोलचं रेशनिंग लागलं. लोक तीन चाकांच्या, बुडबुड्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या घ्यायला लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्या बुडबुड्यांची मनस्वी चीड होती. त्यांनी आपले डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांना सांगितलं, खरीखुरी लहान गाडी बनव.

इसिगोनिसनी लांबी बांधून घेतली, जेमतेम तीन मीटर. त्यात चार माणसं बसायलाच हवीत. मग जागा काढायची कुठून? इंजिन उभं होतं ते आडवं केलं. गिअरबॉक्स बाजूला होता तो इंजिनाखाली, त्याच्याच ऑइलमध्ये घातला. चाकं फक्त दहा इंची घेतली, म्हणजे चाकांचे फुगवटे आत घुसत नाहीत. स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू बसवले, ते इंजिनिअर ॲलेक्स मोल्टन यांचं काम. दरवाजे आतून पोकळ ठेवले आणि तिथे सामानाचे खण केले. ऑगस्ट १९५९ मध्ये गाडी आली तेव्हा ८४८ सीसीचं इंजिन होतं आणि फरशीच्या जागेपैकी ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली होती. आज रस्त्यावरच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन असंच आडवं असतं आणि पुढचीच चाकं ओढतात.

शेजारची गाडी दुसऱ्या टोकाची. १९९९ ची होंडा इनसाइट. ॲल्युमिनियमचा सांगाडा, मागची चाकं झाकलेली, शेपूट निमुळती होत गेलेली. हवेचा अडथळा मोजणारा गुणांक ०.२५, त्या काळात अफलातून. मायलेजमध्ये अमेरिकेच्या यादीत ती वर्षानुवर्षं पहिली होती. आता काचेतून आत बघा. सीटा दोनच.

दृश्य: हायवे. मोठी गाडी लहान गाडीला मागे टाकून जाते. मग लहान गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांची फडफड.

निवेदन:
धागे फडफडताहेत तिथे हवा गाडीला सोडून चाललीय, भोवरे करत. गाडी आखूड असली की शेपूट निमुळती करायला लांबीच नसते. समोरचा आकारही फार लहान करता येत नाही, कारण माणसाचे खांदे आणि डोकं लहान गाडीत बसलं म्हणून लहान होत नाही. वजनात निम्मी असलेली गाडी हवेला निम्मी वाटत नाही. वेग ८० वरून १२० केला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि त्याला पुरी पडायला लागणारी ताकद तिपटीहून जास्त. शहरात लहान गाडीने कमावलेली आघाडी इथे आटत जाते.

टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, लावलेली एक लिटरची तीन सिलिंडरची इंजिनं हल्ली पुष्कळ गाड्यांत असतात. ९० च्या चालीने गेलात तर मजेत चालतात. ओव्हरटेकसाठी पाय खाली गेला की टर्बो जोर धरतो, आणि बऱ्याच इंजिनांत तेव्हा धुराचं तापमान आवरायला जादा पेट्रोल सोडलं जातं. इंजिन लहान आहे म्हणून पाय जड ठेवला तर ते मोठ्या इंजिनाइतकंच पितं, कधी जास्तही.

दृश्य: चढ. गाडीत चौघं, डिकी भरलेली. गाडीचा आवाज वाढत जातो.

निवेदन:
चार मोठी माणसं आणि सामान मिळून ३६० किलो धरा. ८५० किलोच्या गाडीचं वजन ४० टक्क्यांहून जास्त वाढलं. १६०० किलोच्या गाडीचं साडेबावीस. त्यात एसी. तिसरा गिअर कमी पडला, दुसरा टाकावा लागला. चढावरचा हा आवाज ऐकून पुष्कळ जण मोठी गाडी घेतात, आणि मग तिच्यात वर्षभर एकटे बसून कामावर जातात. सुट्टीच्या चार दिवसांचं वजन बाकीचे सगळे दिवस ओढायचं, हा सौदा मला तरी पटत नाही. दर शनिवारी घाट चढणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने खुशाल मोठं इंजिन घ्यावं.

दृश्य: मागच्या सीटवर मागे तोंड असलेली बाळाची सीट बसवली जाते. ड्रायव्हर पुढे सरकतो. पुन्हा सरकतो. गुडघे डॅशबोर्डला.

निवेदन:
शोरूममध्ये ही चाचणी कुणी करत नाही. करायला हवी. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवतात आणि ती लांबीला बरीच जागा खाते. तिच्यापुढे उंच माणूस बसला की त्याचे गुडघे बघा. घरात घडीची व्हीलचेअर असेल तर ती शोरूममध्ये घेऊनच जा. डिकीचे लिटर छापलेले असतात, पण डिकीच्या तोंडाची रुंदी छापलेली नसते, आणि खुर्ची अडते ती तोंडाशी. या गाडीत ती मागची सीट पाडून आडवी गेली. म्हणजे एक माणूस कमी.

दृश्य: क्रॅश टेस्ट. आठ सेकंद. स्लो मोशन.

निवेदन:
टकरीत हलक्या गाडीच्या वेगाला जास्त मोठा झटका बसतो. सुरक्षेच्या ताऱ्यांचं रेटिंग जवळपास त्याच वजनाच्या गाड्यांशीच ताडून बघावं, असं हे तारे देणारी युरोपातली संस्था युरो एनकॅप स्वतःच सांगते.

दृश्य: पेट्रोल पंप. दोन गाड्या शेजारीशेजारी. मीटरचे आकडे पळताहेत.

निवेदन:
आता शेवटचा हिशेब, दोन गाड्या असलेल्या घराचा. एक लिटरला १० देते, दुसरी २०. पहिली बदलून साडेबाराची घ्यावी, की दुसरी बदलून पंचविसाची? पाचाची वाढ अडीचच्या दुप्पट, म्हणून हात आपोआप दुसरीकडे जातो. प्रत्येकीचे दहा हजार किलोमीटर धरा. पहिलीत १००० लिटर लागत होतं, आता ८००. वाचले २००. दुसरीत ५०० लागत होतं, आता ४००. वाचले १००. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की लोक हा हिशेब सर्रास उलटा करतात, कारण आकडा ‘लिटरला किती’ असा सांगितला जातो.

युरोपात तो ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असा सांगतात, मग वजाबाकी सरळ होते. बऱ्याच गाड्यांच्या डिस्प्लेमध्ये हे एकक बदलता येतं. बदला, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि एक टाकी संपेपर्यंत आपल्या रोजच्याच रस्त्यांवर, आपल्या रोजच्याच पायाने चालवा. जो आकडा येईल तो कागदावर लिहून शोरूममध्ये घेऊन जा, व्हीलचेअरबरोबर.