संप म्हणायचं की बंड?

नमस्कार मंडळी. मागे आवाज पोचतोय ना? नसेल तर सांगा, चाळीत वाढलोय, ओरडून बोलायची सवय आहे.

आज बोलायचंय ते १९४६ साली मुंबईत इंग्रजांच्या नेव्हीतल्या आपल्या खलाशांनी जे केलं त्याबद्दल. परळमध्येच बसलोय तर इथूनच सुरू करतो. २२ फेब्रुवारी १९४६. मिलिटरीच्या गोळ्या सुटल्या, कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे जागीच गेल्या, त्यांच्या सहकारी कुसुम रणदिवे जखमी झाल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेच्या वर माणसं मेली, आणि त्यातली किती नावं तुम्हाआम्हाला येतात हो?

झालं काय होतं, तर १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार'वर, म्हणजे नेव्हीच्या किनाऱ्यावरच्या ट्रेनिंग केंद्रात, पोरांनी काम बंद केलं. जेवण भिकार आणि वर गोरा साहेब आईबहिणीवरून बोलणार. तीन-चार दिवसांत ७८ जहाजं, वीसेक हजार खलाशी. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा, तिन्ही झेंडे एकत्र चढले. गेटवेला लोक डबे घेऊन गेले, इराण्यांनी खाणं पाठवलं. आणि ते मिटवायला पुढे कोण आलं, तर सरदार पटेल, म्हणाले शरण जा, आणि २३ ला पोरं शरण गेली.

आता गंमत बघा, पोरांनी आपल्या कमिटीला नाव दिलं संप कमिटी. इंग्रजांनी लिहिलं बंड. शब्दात काय आहे म्हणाल, पण संपकऱ्याला कामावर परत घेतात, बंडखोराला नाही, आणि काढून टाकलेल्या पोरांना स्वतंत्र भारताच्या नेव्हीनेही परत घेतलं नाही, पाकिस्ताननेही नाही. कुलाब्याला कूपरेजजवळ खलाशाचा पुतळा उभा राहायला २००१ उजाडलं. त्याच्या वर्षभर आधी, २००० साली, इतिहासकार सुमित सरकारांनी संपादित केलेला स्वातंत्र्यलढ्याच्या कागदपत्रांचा खंड छापायला गेलेला परत मागवला गेला, आणि तो खंड नेमका १९४६ चा होता! छापून यायला मध्ये काही वर्षं गेली. जाळायबिळायची गरजच नाही हो, फाईल नुसती टेबलावर पडू द्यायची.

माझंच सांगतो. आठवीत होतो, नाविकांच्या उठावावर टीप लिहायची होती. आजी सांगायची की आजोबा दोन दिवस कुणाला गॅलरीत येऊ देत नव्हते, पोरांना खाटेखाली झोपवलं होतं, तर मी तेही लिहून टाकलं. बाईंनी लाल पेनाने काट मारली, 'पुस्तकात आहे तेवढंच लिही'. बाईंचा राग नाही, त्यांनाही पोर्शन संपवायचा होता. पण आजी कधीच उठाव म्हणाली नाही बरं का, कायम 'नेव्हीच्या पोरांचा संप'. गिरणीवालीच ती, संप म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको.

असो, मी फार बोललो. हे पहिल्या रांगेतले काका मघाशी चहा घेताना म्हणाले की तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि खिडकीतून ट्रक बघितलेत. काका, लाजू नका, माईक घ्या. अरे बाळा, तो मोबाईल रेकॉर्डिंगला लाव आधी.